आंब्याच्या मोहोराला संध्याकाळी इमिडा मारलं तर मधमाश्यांना धोका नाही ना?

धोका आहे. इमिडा म्हणजे इमिडाक्लोप्रिड, तुडतुड्यांवर मारायचं कीटकनाशक. "संध्याकाळी मारलं की चालतं" हे मी सहा वर्षं माझ्या चुलतभावाकडून ऐकतोय, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसलो.

आमची कलमं देवगडच्या सड्यावर, दगडी गडग्यापलीकडे दादाची, म्हणजे त्याच चुलतभावाची. माझ्याकडे सातेरी मधमाश्यांच्या आठ पेट्या होत्या. एका जानेवारीत मोहोर ऐन भरात आणि तुडतुडे एवढे की कलमाखाली गेलं की तोंडावर थडथडायचे. दादाने इमिडा मारलं. रीतसर मारलं बरं का, मला आदल्या दिवशी सांगून, माश्या आत गेल्यावर. मी पेट्यांची दारंही लावली होती, सकाळी उघडली.

दहा-बारा दिवसांत पेट्या रिकाम्या पडत गेल्या. राणी होती, अंडी-अळ्या होत्या, मधही होता. बाहेर चरायला जाणाऱ्या माश्या तेवढ्या नव्हत्या. आठातल्या पाच पेट्या शेवटी मेणकिड्याने खाल्ल्या. दादा म्हणाला, "विखान मेली असती तर दारात खच पडलो असतो. मेलेली खंय ती दाखव." मला वीस-पंचवीस सापडल्या. काकीसुद्धा त्याच्याच बाजूने. गणपतीला आम्ही एकाच घरात आरती करतो, पण हा विषय निघाला की दोघांतला एक अंगणात जातो.

तर दादासाठी आणि तुमच्यासाठी. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं. पानावर वाळली की संपली, असं होत नाही. ती झाडाच्या रसात शिरतात आणि फुलाच्या मधुरसात, परागात उतरतात. मोहोराचा तुरा एका दिवसात फुलत नाही. आज कळी असलेलं फूल आठवड्याने उघडतं तेव्हा त्यातही औषध असू शकतं. संध्याकाळी मारल्याने माशी फवाऱ्यात सापडत नाही, एवढाच फायदा. पोटातून गेलं तर इमिडाचे काही नॅनोग्रॅम एका मधमाशीला मारायला पुरतात. मधुरसात सहसा त्याहून फार कमी असतं, म्हणून ती जागेवर मरत नाही. औषध मज्जासंस्थेवर काम करतं, आणि तिची वाट चुकते. फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर बारीक रेडिओ-चकत्या चिकटवून, थायमेथोक्झाम घातलेलं साखरपाणी पाजून हेच तपासलं, २०१२ साली ते छापून आलं: औषध प्यालेल्या जास्त माश्या परतल्याच नाहीत. दारात खच कुठून पडणार? २०१५च्या एका प्रयोगात तर माश्या औषधाचं साखरपाणी टाळत नाहीत, उलट तेच जास्त पितात, असं दिसलं. युरोपने २०१८मध्ये इमिडा, थायमेथोक्झाम आणि त्यांच्याच जातीचं क्लोथियानिडिन उघड्या शेतात बंद केली.

तुम्ही काय करायचं? फवारणी पालवीवर, मोहोर यायच्या आधी उरका. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारू नका, हे दापोलीचं कृषी विद्यापीठही सांगतं. दुकानदाराला विचारू नका, तो बाटली विकायला बसलाय.

आता खरं सांगायचं तर मी मध कुठल्या प्रयोगशाळेत तपासून घेतला नव्हता, त्यामुळे माझ्या पेट्या इमिडानेच गेल्या असं शपथेवर सांगता येणार नाही. त्याआधी दोन वर्षं मीही तेच मारत होतो. तुडतुडे सोडून दिले तर त्यांनी सोडलेल्या चिकट्यावर काजळी धरते आणि मोहोर गळतो, हेही खोटं नाही. शिवाय आंब्याचं परागीभवन बरंचसं साध्या माश्याच करतात. त्या याव्यात म्हणून मी हल्ली कलमांखाली सुकटीचा चुरा टाकतो, घरचे नाक धरतात.

आणि पंप वाहत्या पाण्यात धुऊ नका, मधमाश्या तिथेच पाणी प्यायला येतात. दादा अजून व्हाळातच धुतो.