संगणकाला इतक्या भाषा कशाला?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. क्लासमध्ये पायथन शिकवतात, माझा इंजिनिअर भाचा म्हणतो आधी सी शिक. प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणजे नेमकं काय, तिचे प्रकार कोणते आणि एवढ्या भाषा लागतात तरी कशाला? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते.

संगणकाच्या प्रोसेसरला, म्हणजे आज्ञा पाळणाऱ्या मुख्य चिपला, फक्त आकड्यांतल्या आज्ञा कळतात : ही संख्या उचल, तीत ती मिळव, तिकडे ठेव. ही यंत्रभाषा. आकड्यांच्या जागी आखूड नावं आली की असेंब्ली. दोन्ही प्रोसेसरगणिक बदलतात. म्हणून माणसाला सोयीच्या भाषा निघाल्या, ज्यांतलं लिखाण संगणक स्वतःच यंत्रभाषेत उतरवून घेतो. कामं वेगळी, म्हणून भाषाही वेगळ्या. १९५७ साली आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान आणली, ती शास्त्रज्ञांना सूत्र सूत्रासारखंच लिहिता यावं म्हणून. कचेरीतल्या हिशेबांसाठी १९५९ मध्ये कोबोलचं काम सुरू झालं. तिच्यावर संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या भाषेची मोठी छाप आहे.

कोबोलमध्ये माझी सारी नोकरी गेली, एका सहकारी बँकेत. त्या काळच्या कोबोलमध्ये वाक्य पूर्णविरामाने संपायचं. १९८६ च्या जूनमध्ये व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये मी लिहिलं : शिल्लक किमान रकमेहून कमी असेल तर खात्यावर खूण कर. पुढची ओळ : व्याज जमा कर. मधला पूर्णविराम माझ्याकडून राहिला. दोन्ही ओळी त्या एका 'तर'खाली गेल्या आणि व्याज मिळालं फक्त कमी शिल्लक असलेल्यांना! कंपायलरने, म्हणजे आपलं लिखाण यंत्रभाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, हूं की चूं केलं नाही, कारण व्याकरण बरोबर होतं. चाचणीच्या प्रिंटआउटवर खाती ताडून पाहताना ते सापडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून कोणतीही भाषा दिसली की मी आधी बघते, हिच्यात कोणती चूक लपते आणि कोणती उघडी पडते. पायथनमध्ये 'तर'खाली काय येतं हे ओळीच्या आधी सोडलेल्या जागेवरून ठरतं, त्यामुळे माझी ती चूक तिथे नुसत्या नजरेला दिसली असती. पण मुलीला पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगा. उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसा एक दशांश संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत संपत नाही. कोबोल रकमा दशमान अंकांतच ठेवते, पैसा इकडचा तिकडे होत नाही. पायथनमध्येही तशी सोय आहे, पण ती आठवणीने मागावी लागते.

आता प्रकार. सी भाषेचा प्रोग्रॅम कंपायलर आधीच अख्खा यंत्रभाषेत उतरवून ठेवतो. पायथनचा प्रोग्रॅम इंटरप्रिटर चालवता चालवता उलगडतो. सोपं, पण वेग कमी. जावा दोन्हींच्या मधली. मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भेद. सोसायटीचं थकबाकीचं रजिस्टर घ्या. सी किंवा पायथनमध्ये साधारणपणे सांगावं लागतं : पहिलं पान उघड, बाकी बघ, असेल तर नाव लिही, पुढचं पान उलट. एसक्यूएल या डेटाबेसकडून, म्हणजे संगणकातल्या नोंदींच्या साठ्याकडून, माहिती मागायच्या भाषेत एवढंच म्हणायचं : बाकी शून्याहून जास्त असलेल्यांची नावं दे. पानं कशी उलटायची ते डेटाबेस ठरवतो. पहिल्या प्रकारात कृती सांगायची, दुसऱ्यात हवं ते मागायचं. एचटीएमएल मात्र फक्त वेबपानाची मांडणी सांगते, तिला मी प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणणार नाही.

भाच्याचं म्हणणं चुकीचं नाही. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सीमध्ये मेमरी हाताने सांभाळावी लागते, आणि यंत्र आतून कसं चालतं ते त्यातून कळतं. पण दहा घरांच्या यादीत अकराव्या घरात लिहिलं तरी सी बहुधा अडवत नाही. पायथन जागच्या जागी थांबते. अकरावीतल्या मुलीला चूक लगेच दिसायला हवी. म्हणून आधी पायथन, सी कॉलेजात.

तिला घरातल्या एखाद्या पासबुकावरचं वर्षाचं व्याज काढणारा प्रोग्रॅम लिहायला सांगा. पैशापर्यंत जुळलं नाही, तर तिचा प्रोग्रॅम मला पाठवा, मी वाचेन.