उजनी धरणावर होडीत मुक्काम करणार असशील तर

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरतं आणि काठच्या चिखलात डबकी उरतात. डास तिथंच वाढतात. म्हणून दिवस मावळायच्या आत होडी काठापासून लांब, वारं लागेल अशी नांगरून टाक. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

मग होडीतच बघ: तळात साचलेलं पाणी, उघडी बादली, कडेला बांधलेले जुने टायर. टायरला खालून भोक पाड, पाणी ठरतच नाही. उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला 8-10 दिवस पुरतात, तेव्हा दर आठवड्याला सगळं उपसून कोरडं करायचंच.

मच्छरदाणी अंथरुणाखाली खोच, अंगाला टेकू देऊ नकोस, जाळीतूनही चावतात. बंद टपाखाली कडुलिंबाचा धूर मात्र कधीच करू नकोस बाबा, जीव गुदमरेल.