आजीच्या दोन ‘शिखामणी’

प्रश्न एका मुलीचा आहे. घर बडोद्याला, दांडिया बाजारात. पाच महिन्यांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेली. पहिला पगार झाला त्या दिवशी आजीने मोबाइलवर लिहिलं: “बाळा, नोकरी फावते ना? दोन शिखामणी देते. साहेबाला उलट उत्तर त्याच दिवशी देऊ नकोस, रात्र जाऊ दे. आणि पगारातले थोडे आधी बाजूला काढ, मग खर्च कर.” खोलीतल्या मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, शिखामण कसलं, शिकवण म्हण. मुलगी विचारते, आजीचं चुकलं का? आणि चुकलं असेल तर तिथे नेमका कोणता मराठी शब्द हवा होता?

आधी सरळ उत्तर. शिखामण गुजराती आहे. बडोद्याच्या मराठी घरांत सर्रास बोलला जातो, पुण्यात नाही. मैत्रिणीचं तेवढं बरोबर. पण ‘शिकवण म्हण’ ही तिची दुरुस्ती मात्र मला मान्य नाही. का, ते आजीच्याच वाक्यात एकेक शब्द घालून बघू.

‘दोन शिकवणी देते.’ झाली पंचाईत. शिकवणचं अनेकवचन शिकवणी, आणि शिकवणी म्हणजे तर ट्यूशन. आजी बडोद्याच्या रावपुऱ्यात गणिताचे वर्ग घेते असं वाटेल. बरं, एकवचन करू: ‘तुला एक शिकवण देते.’ व्याकरणात खोट नाही, तरी कानाला खटकतं. आपण ‘आईची शिकवण’ म्हणतो, ‘संतांनी समतेची शिकवण दिली’ म्हणतो. बोलणारा दर वेळी घेणाऱ्याच्या बाजूचा असतो आणि गोष्ट मागची असते. देणारा देता देता ‘ही घे माझी शिकवण’ म्हणाला तर तो जिवंतपणीच स्वतःची जयंती साजरी करतोय असं वाटतं. शिकवण हे नाव ती घेणाऱ्याने, तेही पुष्कळ वर्षांनी द्यायचं असतं.

याच धातूची दुसरी बाजूही आहे. ‘हे तुला कोणी शिकवलं?’ यात कौतुक क्वचितच असतं. ‘तिला माहेरून शिकवून पाठवलंय’ हे वाक्य तर ज्या घरात उच्चारलं जातं, तिथे त्या संध्याकाळी स्वयंपाक शांततेत होत नाही.

‘दोन सल्ले देते.’ हे व्याकरणात बसतं आणि नात्यात बसत नाही. सल्ला दिला की तो मानायचा की नाही हे ऐकणाऱ्याच्या हातात जातं. वकील सल्ला देतो, डॉक्टर देतो, आणि त्याची फी असते. ‘फुकटचा सल्ला’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला असणार. फुकटचा वेगळा सांगावा लागतो, म्हणजे एरवी तो विकतचा. आजी सल्ला देऊ लागली की ती टेबलाच्या पलीकडे जाऊन बसते.

सल्ल्याचं कूळ बघण्यासारखं आहे. मूळ अरबी ‘सलाह’. हिंदीने आणि गुजरातीने शेवटचा ह सांभाळला, मराठीने तो टाकून ल जाड केला. मूळ धातूत नीट होणं, ठीक होणं असा अर्थ आहे. हिंदीतली ‘सुलह’ त्याच घरची. आपल्याकडेही जुन्या बखरींत आणि पत्रांत ‘सला’ तहाच्या अर्थाने येतो. दोन सरदारांनी सला केला म्हणजे भांडण मिटवलं. शायर उस्तादाकडून शेर दुरुस्त करून घेतो ती ‘इस्लाह’ही तिथलीच. आणि मसलतसुद्धा! अरबी ‘मस्लहत’चं ते मराठी रूप. म्हणजे ‘सल्लामसलत’ म्हणताना आपण एकाच आईच्या दोन लेकरांना हाताला धरून चालवत असतो. फक्त मराठीत मसलत राजकारणात पडली. ‘मसलत फसली’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तंबू, मशाल आणि कुजबुज येते. ‘सल्ला फसला’ असं कोणी म्हणत नाही. सल्ला बिचारा चुकतो.

‘दोन उपदेश करते.’ मुळीच नको. गंमत म्हणजे हा शब्द सगळ्यांत सभ्य घरातला. उप म्हणजे जवळ, दिश् म्हणजे दाखवणं. दिशा, आदेश, संदेश हे सगळे त्याचे भाऊबंद. जवळ जाऊन वाट दाखवणं, याहून चांगलं काय असेल? वारकरी घरात ‘उपदेश घेतला’ म्हणजे गुरूकडून मंत्र घेतला, अजूनही. पण रोजच्या बोलण्यात ‘उपदेश नको’ एवढंच ऐकू येतं. ‘उपदेशाचे डोस’ हा तर ठरलेलाच. शिकवण जसं कृतज्ञतेने दिलेलं नाव, तसं उपदेश हे कंटाळून दिलेलं. दोन्ही नावं ऐकणाराच देतो हे लक्षात घ्या. कालचा उपदेश वीस वर्षांनी शिकवण होतो, शब्द न शब्द तोच.

‘समज देते.’ इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा थांबतो. पंधराएक वर्षांपूर्वी इथे बडोद्यात एका मंडळाच्या वार्षिक अहवालाचं काम माझ्याकडे होतं. दहावी-बारावीच्या मुलांसाठी पाहुणे आले होते. कोणती शाखा घ्यावी, कुठल्या परीक्षा असतात, असं सगळं त्यांनी तासभर छान सांगितलं. मी लिहिलं: ‘प्रमुख पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना पुढील शिक्षणाविषयी समज दिली.’ अहवाल छापला, वाटला. सांगलीच्या मेहुण्यांनी वाचून फोन केला: “मुलांनी केलं काय होतं?”

मला कळेचना. मग उजेड पडला. गुजरातीत ‘समज आपवी’ म्हणजे समजावून सांगणं. गुजराती वर्तमानपत्रात रोज कोणी ना कोणी कोणाला तरी वाहतुकीच्या नियमांची, नाही तर स्वच्छतेची समज देत असतं, आणि सगळे खूश असतात. मराठीत मात्र समज पोलीस देतात किंवा साहेब देतात. तोंडी समज, लेखी समज, कडक समज. तिसरी झाली की माणूस घरी. रोज सकाळी दोन्ही पेपर वाचणाऱ्या माझ्यासारख्याच्या डोक्यात हे दोन अर्थ शेजारी नांदत होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते.

असाच दुसरा सापळा ‘इशारा’. हिंदीत इशारा आणि गुजरातीत इशारो म्हणजे खूण, डोळ्यांनी सुचवणं. मराठीत हवामान खातं इशारा देतं आणि संघटना संपाचा इशारा देतात. हा शब्द मला बडोद्याच्या एका जुन्या गोष्टीमुळे नेहमी आठवतो. सयाजीराव गायकवाड १८७५ साली कवळाणे गावाहून दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे होते. कारभार दिवाण टी. माधवराव बघत. हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले; आधी त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेले. २८ डिसेंबर १८८१ ला महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्याच वर्षी, त्याच्या आधी, माधवरावांनी त्यांना राज्य कसं करावं यावर इंग्रजीत व्याख्यानं दिली. ती छापली गेली ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने. मायनर म्हणजे किरकोळ, आणि मायनर म्हणजे अज्ञानही, वयाने लहान; ऐकणारे महाराज तेव्हा तसेच होते.

त्या नावातली अडचण बघा. सांगणारा वयाने, अनुभवाने मोठा, पण हुद्द्याने नोकर. ऐकणारा अठरा वर्षांचा, पण उद्याचा धनी. अशा माणसाला उपदेश करता येत नाही आणि समज तर त्याहून नाही. म्हणून हिंट्स. मराठीत भाषांतर करताना कोणी ‘किरकोळ इशारे’ केलं असतं तर दिवाणांनी महाराजांना धमकावल्यासारखं झालं असतं! (गुजरातीत ‘इशारो’ तिथे बेमालूम खपला असता.)

‘सूचना’ फलकावर लावायची, ती सोडून देऊ. ‘मार्गदर्शन’ करायला व्यासपीठ आणि शाल लागते. ‘कानमंत्र’ चांगला होता, पण ‘यशाचा कानमंत्र’ असे मथळे छापून छापून त्यातलं गुपित संपलं. तसं मराठीत या खात्याचा सगळा कारभार कानावरच चालतो: कानमंत्र देतात, कान भरतात, कान टोचतात, कानउघाडणी करतात, कानपिचक्या देतात, आणि ऐकणारा ते सगळं कानाआड करतो. गुजराती यातलं एक काम आपल्यापेक्षा आवाज करून करते. कान भरण्याला तिथे ‘कान भंभेरवा’ म्हणतात. शब्दातच माशी गुणगुणते.

मग आजीच्या जागी पुण्याची आजी काय लिहील? मला वाटतं, ती नाम टाळेल. ‘बाळा, दोन गोष्टी सांगते, ऐक.’ हीच अस्सल मराठी तऱ्हा. या कामासाठी मराठीने नामावर फारसा भरवसा ठेवलेला नाही. ‘सांगणे’ आणि ‘ऐकणे’ या दोन क्रियापदांवर सगळं भागवलं आहे. ‘ऐकतो’ म्हणजे कानाने ऐकतो, आणि सांगितल्याप्रमाणे वागतो असंही. ‘तो माझं ऐकतच नाही’ ही तक्रार बहिरेपणाची नसते. आणि ‘त्याला घरात सांगणारं कोणी नाही’ या वाक्यात तर आईवेगळं मूल, सुटलेला धंदा, मोडलेला संसार, काय काय मावतं. त्या ‘सांगणारं’च्या जागी ‘सल्ला देणारं’ घालून बघा, वाक्य कोरडं पडतं.

गुजरातीतही ‘कहेवुं’, म्हणजे सांगणं, असंच राबतं. पण तिच्याकडे शिवाय एक नाम आहे, आणि ते तोंडाने सरळ देता येतं. शिखामण देताना देणाऱ्याला संकोच नाही आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. हक्क आहे, माया आहे, थोडा धाक आहे. मराठीत ही जागा नामापुरती रिकामीच होती. बडोद्याच्या मराठी बायकांनी ती शेजारणीकडून भरून घेतली, वाटीभर विरजण मागून आणावं तशी. त्याच शेजारणीकडून म्हणही आली: ‘डाही सासरे न जाय अने गांडीने शिखामण आपे.’ शहाणी स्वतः सासरी नांदत नाही आणि वेडीला शिखामण देते. आपलं ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’, पण उंबऱ्याच्या आतलं. गुजरातीत गांडी म्हणजे वेडी, बाकी काही नाही. तरी देशावरचे पाहुणे बसलेले असले की आमच्याकडच्या बायका ही म्हण अर्ध्यावर सोडतात. आगाऊ सल्ले देणाऱ्यासाठी मात्र दोन्ही भाषांचं माप सारखंच निघालं: मराठीत दीडशहाणा, गुजरातीत ‘दोढडाह्यो’. दोढ म्हणजे दीडच.

‘शिखामण’ ऐकून मराठी कान बिचकत असेल तर त्याला ‘भलामण’ आठवून द्यावी. एखाद्याची भलामण करणे हा शब्द मराठीत आहे, त्याच्या शेजारी भलावणही आहे, दोन्ही चालतात. गुजरातीतही शिफारशीला भलामणच म्हणतात. भलामण–भलावण शेजारी शेजारी चालतात, तर शिखामण–शिकवण यांनाही एका ओसरीवर बसायला हरकत नसावी.

तेव्हा मुलीला माझं सांगणं: पुण्यातल्या एखाद्या अंकासाठी कधी लेख लिहिशील तेव्हा ‘दोन गोष्टी’ लिही, कारण वाचणाऱ्याला अडखळवून उपयोग नाही. आजीचा मेसेज मात्र आहे तसा राहू दे. मैत्रिणीला त्यातलं ‘फावते ना’ही दाखव. ‘फावेल तसं ये’ पुण्यातही चालतं, पण नोकरी फावते का, म्हणजे मानवते का, नवं गाव फावतं का, अशी चौकशी करावी ती बडोदेकरांनीच.

आणि मैत्रीण अजूनही शब्द परका आहे म्हणून हटून बसली, तर तिला आजीचं अनेकवचन दाखव. गुजरातीत शिखामणचं अनेकवचन ‘शिखामणो’ होतं. आजीने ‘शिखामणी’ लिहिलं आहे, आठवण–आठवणी, साठवण–साठवणी, तसं.