वाचक विचारतात : मत्स्यटाकीतील वनस्पती आणि कार्बन डायऑक्साइड

प्रश्न : माझ्या दोन फुटी टाकीत साधारण ६० लिटर पाणी, निऑन टेट्रा मासे आणि बऱ्याच पाणवनस्पती आहेत. दिवा चांगला आहे, खतही देतो, तरी वाढ खुंटली आहे, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बसवायचे ठरवले आहे. जोडणी कशी करावी आणि सेकंदाला किती बुडबुडे सोडावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बुडबुड्यांच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. बुडबुडा प्रत्येक बबल काउंटरमध्ये (बुडबुडे मोजण्याच्या पाणी भरलेल्या छोट्या नळीत) लहानमोठा असतो आणि पाण्याचा पृष्ठभाग जितका हलता, तितका वायू लवकर उडून जातो. त्यामुळे दुसऱ्याच्या टाकीचा आकडा आपल्या टाकीला लागू पडेलच असे नाही.

सिलिंडरवर रेग्युलेटर (दाब कमी करणारा), त्याला सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) आणि नीडल व्हॉल्व्ह (प्रवाह बारीक कमीजास्त करणारी झडप), पुढे बबल काउंटर, चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) आणि शेवटी पाण्यात डिफ्यूजर (वायूचे बारीक बुडबुडे करणारा), असा क्रम ठेवावा. चेक व्हॉल्व्ह कधीही गाळू नये : वीज गेली की सोलेनॉइड बंद होतो, नळीत उरलेला वायू पाण्यात विरघळू लागतो आणि टाकीतले पाणी उलट रेग्युलेटरकडे चढते. नळी पॉलियुरेथेनची घ्यावी, कारण साध्या सिलिकॉन नळीतून वायू झिरपतो. प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून गळती तपासावी.

सिलिंडर उभाच ठेवावा, नाहीतर द्रवरूप वायू रेग्युलेटरमध्ये शिरतो. २० अंश सेल्सिअसला आतला दाब सुमारे ५७ बार असतो आणि आत द्रव शिल्लक असेपर्यंत तो तेवढाच राहतो. म्हणून किती वायू उरला हे दाबमापकाच्या काट्यावरून नव्हे, सिलिंडरच्या वजनावरून कळते. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सिलिंडर उन्हापासून दूर असावा आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरून घेऊ नये.

वायूचे प्रमाण ड्रॉप चेकरवरून (टाकीत लावायच्या, रंग बदलणाऱ्या द्रावणाच्या छोट्या कुपीवरून) ठरवावे. त्यात टाकीतले पाणी न भरता ४ डीकेएचचे (डीकेएच म्हणजे पाण्याच्या कार्बोनेट कठिणतेचे एकक) तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगदर्शक घालावा. रंग निळा असेल तर वायू कमी, हिरवा असेल तर लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम, आणि पिवळा झाला तर माशांना धोका. हा रंग तासा-दोन तासांनी बदलतो, तेव्हा व्हॉल्व्ह फिरवून लगेच निष्कर्ष काढू नये. दोन सेकंदांना एक बुडबुडा अशी सुरुवात करून, दिवसभर घरी असाल अशाच दिवशी प्रवाह थोडा वाढवावा. मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागले, तर रंगाची वाट न पाहता वायू बंद करावा, एअर पंप लावावा आणि थोडे पाणी बदलावे. टायमर असा लावावा की दिव्याच्या तास-दीड तास आधी वायू सुरू होईल आणि दिवा मालवण्यापूर्वी तासभर बंद होईल; अंधारात वनस्पती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात.

प्रश्न : सिलिंडरऐवजी साखर आणि यीस्टची बाटली चालेल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : लहान टाकीला चालते, परंतु ती रात्री बंद करता येत नाही आणि तिचा प्रवाह आज जोराचा तर चार दिवसांनी मंद असतो. या चढउतारामुळे पानांच्या कडांवर काळे, केसाळ शेवाळ धरण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे अनुबियास किंवा जावा फर्न या सावकाश वाढणाऱ्या वनस्पतीच असतील, तर वेगळा वायू देण्याची गरजच नाही.