खोलवरची नाणी: मशीन बदलण्याआधी जोडीदाराचे कान वापरून बघा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांकडे मध्यम प्रतीचं एकेक मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, आहे. एकाच जुन्या शेतात, मालकाच्या परवानगीने, चार वेळा जाऊन आलात. चार-पाच इंचांपर्यंतची नाणी निघाली, त्याखाली सगळं गप्प. आता मोठी कॉइल (मशीनच्या खालच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी) घ्यावी की थेट महागडं मशीन, यावर दोघांत वाद आहे. शिवाय शेजारीशेजारी उभे राहिलात की दोन्ही मशीन किरकिरायला लागतात.

इतक्यात काहीच घेऊ नका. तुम्ही दोघं आहात ही तुमच्याकडची सर्वात मोठी गोष्ट आहे आणि तिचा वापर तुम्ही फक्त गप्पांसाठी करताय असं दिसतंय.

आधी खोलीचं गणित सांगतो, म्हणजे पैसे कुठे वाया जातात ते कळेल. कॉइलपासून दूर जाताना तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरळ होतं. नाण्यात जो प्रवाह उठतो त्याचं क्षेत्र परत वर येताना पुन्हा तसंच विरळ होतं. म्हणजे जाताना तीन घात, येताना तीन घात, एकूण सहा. कॉइलच्या व्यासापलीकडे गेलात की खोली दुप्पट झाली तर सिग्नल जवळजवळ 64 पट क्षीण होतो. हेच उलट बाजूने बघा: एखादं मशीन दुप्पट संवेदनशील असलं तरी खोली वाढते साधारण 12 टक्के. आठ इंचांवर ऐकू येणारं नाणं नऊ इंचांवर ऐकू येईल, बस्स. त्या एका इंचासाठी नवं मशीन घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तोच इंच फुकट मिळवायचे चार मार्ग तर मलाच माहीत आहेत.

पहिला, कॉइल जमिनीला टेकवून चालवा. सगळ्यांना वाटतं आपण तशीच चालवतो. जोडीदाराला बाजूला बसून नुसतं बघायला सांगा. दहातल्या नऊ जणांची कॉइल दोन्ही टोकांना झोपाळ्यासारखी वर उचलली जाते. टोकाला दोन इंच उचललीत म्हणजे तिथली दोन इंच खोली गेली. स्वतःला हे दिसत नाही, दुसऱ्याला लगेच दिसतं. माझ्या जोडीदाराने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चिडलो होतो. मग त्याने माझा व्हिडिओ काढून दाखवला आणि मी गप्प बसलो.

दुसरा, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक आवाज पकडेल त्याचं बटण. ती शेवटपर्यंत चढवली की खोल जातं हा गैरसमज आहे. बेसाल्टपासून झालेली किंवा लाल, लोहयुक्त माती असेल तर मशीन आधी मातीशीच भांडत असतं. त्या गोंगाटात खोलवरच्या नाण्याचा आवाज बुडून जातो. स्वच्छ जागा शोधा, कॉइल वरखाली करून ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज दाबणारी सेटिंग) नीट जुळवा आणि मशीन शांत होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी खाली आणा. शेताच्या दुसऱ्या टोकाला माती बदलली की पुन्हा जुळवा.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: डिस्क्रिमिनेशन, म्हणजे लोखंडासारखे नको ते धातू गप्प करणारी सेटिंग, काढून टाका. धातू कुठला ते सुचवणारा आकडा मशीन स्क्रीनवर दाखवतं, पण खोलवरच्या नाण्याचा तो स्थिर नसतो. चांगलं चांदीचं नाणंसुद्धा आठ-नऊ इंचांवर कधी वरचा आकडा दाखवतं, कधी सरळ लोखंडाच्या घरात जाऊन बसतं. तुम्ही लोखंड बंद करून फिरत असाल तर मशीन ते नाणं ऐकतं आणि तुमच्यापासून लपवतं. सगळं उघडं ठेवा, स्क्रीनकडे बघणं कमी करा, हेडफोन लावा आणि सावकाश चाला.

चौथा मार्ग म्हणजे ओल. पाऊस पडून पाणी मातीत आतपर्यंत मुरलेलं असतं तेव्हा मला खोलवरचे सिग्नल जास्त मिळालेत. त्याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात, त्या वादात मी पडत नाही. ओल्या मातीत खड्डा नीट निघतो एवढं तरी नक्की.

आता जोडीदाराकडे येतो.

आमचा एक नियम आहे, बरीच वर्षं पाळतोय: शंकेचा सिग्नल दुसऱ्याने ऐकल्याशिवाय खणायचा नाही. ज्याला सिग्नल मिळाला तो नुसता हात वर करतो. काय वाटतं ते बोलत नाही, आकडा सांगत नाही. त्याचं मशीन बंद होतं, दुसरा येतो, चारही बाजूंनी ऐकतो आणि आधी आपलं मत सांगतो: नाणं, खिळा की काहीच नाही. मग पहिला आपलं सांगतो. मग खणायचं. ज्याचं चुकलं त्याने खड्डा बुजवायचा.

यात वेळ जातो, पण खोलवरचा आवाज शिकायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. एकटा माणूस खणल्यानंतर स्वतःला फसवतो. ‘मला वाटलंच होतं’ म्हणतो. दुसऱ्यासमोर मत आधी सांगितलं की तशी फसवणूक चालत नाही. पहिल्या वर्षी मी दहापैकी सहा वेळा चुकत असेन.

एक प्रसंग सांगतो. एका उतारावर जोडीदाराने हात वर केला. मी माझं मशीन फिरवलं, उत्तर-दक्षिण काहीच नाही. पूर्व-पश्चिम फिरवल्यावर एक कुजबुज, तीही चारातल्या तीन फेऱ्यांत. मी म्हटलं खिळा. तो म्हणाला, ‘जागा बघ, हलत नाहीये.’ हे त्याचं बरोबर होतं. वाकडा खिळा किंवा खिळ्याचं टोक उंच टोन देऊन फसवतं, पण तुम्ही 90 अंशांत वळलात की तो आवाज दोन-चार इंच सरकतो. नाण्याचा आवाज कितीही क्षीण असला तरी जागा सोडत नाही. सहा इंचांवर पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर) गप्प, आठवर गप्प. मी उठायच्या बेतात होतो. नऊ इंचांच्या पुढे खड्ड्याच्या भिंतीत तो टिकटिकला. मूठभर ढेकूळ निघालं, अंगठ्याने फोडलं तर आत हिरवी कड. तांब्याचं नाणं मातीत कडेवर उभं होतं, म्हणून एका दिशेने दिसत नव्हतं. कडेवर उभं नाणं कॉइलला आपली नुसती धार दाखवतं. तो खड्डा मी बुजवला.

तुमच्या किरकिरीचं कारण साधं आहे. दोन्ही मशीन एकाच किंवा जवळच्या फ्रीक्वेन्सीवर असतील तर एकमेकांचं ऐकतात. दोघांनी मशीनवर वेगवेगळे चॅनल (थोडी वेगळी फ्रीक्वेन्सी) लावा आणि दहा-पंधरा मीटरचं अंतर ठेवा. तपासणीच्या वेळी एक मशीन पूर्ण बंद. पिनपॉइंटरही बंद, तोसुद्धा बडबडतो. यामुळे होणाऱ्या नुकसानाकडे लोकांचं लक्ष जात नाही: किरकिर नको म्हणून दोघं सेन्सिटिव्हिटी उतरवतात आणि दिवसभर उथळच शोधत राहतात. मला वाटतं तुमच्या चार फेऱ्यांत हेच झालंय.

शेत वाटून घेताना ‘हा अर्धा तुझा, तो माझा’ असं करू नका. आखणी करा, एकाने उत्तर-दक्षिण जायचं, दुसऱ्याने तीच पट्टी पूर्व-पश्चिम. कडेवर उभी नाणी आणि खिळ्याशेजारी दबलेली नाणी दुसऱ्या दिशेने सापडतात. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीवर अर्धी कॉइल चढली पाहिजे, कारण खोलवर जाताना बहुतेक कॉइलचा प्रभाव मधल्या भागातच उरतो.

घरच्या सरावासाठी एक युक्ती. नाणं ताजं पुरून त्यावर मशीन फिरवण्यात फारसा अर्थ नाही, खणलेली माती आणि मुरलेली माती वेगळं बोलते. त्याऐवजी जमिनीत एक प्लॅस्टिकची नळी तिरकी घाला. वरची माती तशीच राहते. काठीच्या टोकाला नाणं चिकटवून नळीतून हव्या त्या खोलीवर सरकवा. काठीवर इंच खुणावून ठेवा. एकाने डोळे मिटून ऐकायचं, दुसऱ्याने कधी नाणं, कधी खिळा, कधी रिकामी काठी घालायची. अर्ध्या तासात कळतं की तुमचं मशीन त्या मातीत किती इंचांवर गप्प होतं. आमच्यातल्या एकाला रिकामी काठी असताना तीन वेळा ‘चांदी’ ऐकू आली होती. कोणाला, ते सांगत नाही.

खोलीबद्दल अजून एक. नाणं जितकं जुनं तितकं खोल, हे सरसकट खरं नाही. न नांगरलेल्या कुरणात गांडुळं खालची माती वर आणून टाकतात आणि वस्तू हळूहळू खाली जातात. चार्ल्स डार्विनने 1842 मध्ये एका कुरणात पसरलेला खडू 1871 मध्ये चर खणून बघितला, तेव्हा तो सुमारे सात इंच खाली होता. पण नांगरट झालेल्या शेतात नांगर सगळं उलथापालथ करतो, तिथे शतकानुशतकं जुनं नाणं दोन इंचांवर असू शकतं. आणि उताराच्या पायथ्याशी माती साचत जाते, तिथे ते कुठल्याच मशीनच्या टप्प्यात राहत नाही. म्हणून मी हल्ली उलटा विचार करतो: माती कुठे झिजली आहे? उताराचा वरचा भाग, बांधाची धुपलेली कड, जुनी पायवाट. जुनं नाणं तिथे आपणहून उथळ आलेलं असतं.

खणताना सिग्नलच्या मधोमध फावडं घालू नका. गवत असेल तर ते मुळांसकट चकतीसारखं एका बाजूला उलटवा, माती कापडावर काढा, बाजूने आत जा. माझ्याकडे चांदीचं एक नाणं आहे, त्यावर माझ्याच फावड्याचा तिरका ओरखडा आहे. मातीत ते शाबूत राहिलं आणि माझ्या हातात आल्यावर जखमी झालं. निघालेलं नाणं तिथल्या तिथे बोटांनी घासू नका, कोरड्या मातीचे बारीक कण पृष्ठभाग खरवडतात. तांब्यावरचा हिरवा थरही काढायच्या मागे लागू नका.

आता वाटणी. हे नाणी सापडायच्या आधी बोला, नंतर नाही. आमच्यात सुटं नाणं ज्याने पहिल्यांदा हात वर केला त्याचं, मग ते दुसऱ्याने ‘नाणं’ म्हणून ओळखलेलं का असेना. मालकाचा वाटा कागदावर लिहिलेला. घबाड लागलं तर कोणीच काही उचलायचं नाही. आणि देशाचा कायदा आधी वाचा. फ्रान्स किंवा आयर्लंडसारख्या ठिकाणी मालकाचा होकार पुरत नाही, पुरावस्तू शोधायला सरकारी परवानगी लागते.

एकाच जागी तीन-चार नाणी निघाली की थांबा. एकाने तिथे बसायचं, दुसऱ्याने मालकाला आणि संबंधित खात्याला कळवायचं. इंग्लंडात 1992 मध्ये हॉक्सन गावी शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेलेल्या माणसाला रोमन नाणी लागली. त्याने खणणं थांबवून कळवलं, म्हणून 14,865 नाणी आणि सोन्या-चांदीच्या वस्तू ज्या रचनेत पुरल्या होत्या त्याच रचनेत पुरातत्त्वज्ञांना बघता आल्या. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावर रेग मीड आणि रिचर्ड माइल्स ही जोडी, जुनी नाणी निघाल्याची एक ऐकीव गोष्ट धरून, त्याच परिसरात सुमारे 30 वर्षं फिरली. 2012 मध्ये त्यांना केल्टिक नाण्यांचा साठा लागला, सुमारे 70,000 नाण्यांचा एकच गोळा, जमिनीखाली साधारण मीटरभर. त्यांनी तो जागेवरच सोडला आणि तज्ज्ञांनी तो अख्खा उचलला. एवढ्या खोलीवर सुटं नाणं तुमच्या मशीनला कधीच दिसणार नाही, मोठा साठा मात्र दिसू शकतो. म्हणून अस्पष्ट, पसरट, मोठा सिग्नल लोखंड समजून सोडताना आम्ही दोघंही एकदा थबकतो.

याच्या उलट 2015 मध्ये इंग्लंडातल्या हेरफर्डशरला दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला, त्यांनी तो लपवून विकायला काढला. 2019 मध्ये दोघं तुरुंगात गेले आणि बरीचशी नाणी आजही बेपत्ता आहेत. जोडीदार निवडताना मी आधी त्याचा प्रामाणिकपणा बघतो, कान कसे आहेत ते नंतर.

मोठ्या कॉइलचं शेवटी सांगतो, कारण तुम्ही तरीही ती घेणार हे मला माहीत आहे. ती एकाच वेळी जास्त माती आणि जास्त खिळे बघते. जुन्या घराच्या आसपास, जिथे पावलापावलावर लोखंड आहे, तिथे लहान कॉइल तिच्यापेक्षा जास्त नाणी काढते. मोकळ्या, स्वच्छ शेतात मात्र मोठीचा फायदा आहे. तुमची मशीन एकाच जातीची असतील तर दोघांत मिळून एकच घ्या. उघड्या पट्टीवर एकाने मोठी चालवायची, दुसऱ्याने त्याच पट्टीवर मागून नेहमीची. मोठीने ऐकलेलं नेहमीचीला ऐकू येतं का ते खुणा करून तपासा. पन्नासेक सिग्नल असे तपासून झाले की दुसरी घ्यायची का, हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.