शाळेच्या दाखल्यावर ‘कुमारी’ आहे, मी पुरुष आहे. आधार आणि बाकी कागदांवर लिंग कसं बदलायचं?

शस्त्रक्रिया झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं तिथेच अडतं. मीही दाखल्यावरचा ‘कुमारी’च. २०२२ साली अर्ज केला, तेव्हाचं सांगतो. भरण्याआधी आजचे नियम एकदा बघून घ्या.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात दोन वेगळी कलमं होती. कलम ६ खाली जिल्हाधिकारी प्रमाणपत्र द्यायचे, पण त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ येई. त्याला डॉक्टरी तपासणी नव्हती, प्रतिज्ञापत्र पुरायचं. ‘पुरुष’ हवं असेल तर कलम ७: शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला जोडून पुन्हा अर्ज. दोन्ही राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन. अर्ज करताना त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहिलेलं असावं लागे, म्हणून नुकतेच पुण्याला आला असाल तर गावच्या पत्त्यावरूनच करा. पहिल्या प्रमाणपत्राला नियमात मुदत ३० दिवसांची होती. मला तीन महिने लागले. दर सोमवारी फोन करायचो.

आता खरी मेख. आधारवर नाव दोनदा बदलता येतं, लिंग एकदाच. पहिल्या प्रमाणपत्रावर घाईने ‘ट्रान्सजेंडर’ करून घेतलंत, तर पुढे ‘पुरुष’ करताना आधारच्या विभागीय कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतील. माझी शस्त्रक्रिया ठरलेली होती, त्यामुळे मी तोवर फक्त नाव बदललं. दीड वर्ष नाव पुरुषाचं आणि लिंग स्त्री. लॉजवाल्यांना काय काय सांगितलंय, विचारू नका. शस्त्रक्रिया करायचीच नसेल तर थांबण्यात अर्थ नाही.

नावासाठी राजपत्रही करून ठेवा. कायद्याने प्रमाणपत्र पुरेसं आहे, पण बँकेतल्या माणसाने ते कधी पाहिलेलं नसतं. राजपत्र त्याला कळतं. पॅन आधारनंतर सोपं गेलं. शाळेचा दाखला अजून तसाच आहे. नोकरीला लागताना तो, राजपत्र आणि प्रमाणपत्र एकत्र टाचून दिलं, चाललं.

प्रतिज्ञापत्र मात्र सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने आधार बघून ‘सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की’ असं टाइप केलं होतं. मी परत दिलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, ‘देतो का?’ एवढंच विचारलं आणि नवा कागद लावला. दुसऱ्या कागदाचे पैसेही घेतले नाहीत.