सिंगापूर स्वतः आयातशुल्क जवळपास घेतच नाही, मग मुक्त व्यापार करारांचा त्याला काय फायदा?

फायदा समोरच्या देशाच्या कस्टममध्ये होतो: तिथे शुल्क कमी किंवा शून्य लागतं, म्हणून कंपन्या आपलं गोदाम सिंगापुरात ठेवतात. निर्यातीची कागदपत्रं करताना मला हे कायम दिसतं. समजा, थायलंडचा कंटेनर सिंगापुरात उतरला आणि माल तीन भागांत इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्सला गेला. आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) करारानुसार, माल थायलंडचाच असल्याचं सांगणाऱ्या थाई प्रमाणपत्राच्या आधारे सिंगापूर ‘बॅक टू बॅक’ प्रमाणपत्र देतं, त्यामुळे सवलत वाटेत बुडत नाही. छोट्या खरेदीदारासाठी ही फार मोठी सोय आहे. मात्र नुसता सिंगापूरमार्गे आलेला माल सिंगापुरी ठरत नाही. आसियान सवलतीसाठी साधारणपणे किमान 40 टक्के मूल्य आसियान देशांतलं असावं लागतं, किंवा प्रक्रियेनंतर एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक) बदलावा लागतो.